वाईचा डेलिया

मार्च २०२२ मध्ये आत्यानं मला वाईला बोलावून घेतलं. गंगापुरीतलं घर विकायचं ठरलं होतं. तांब्या-पितळेची भांडी, पाट, शिसवी कपाट, सगळ्याची वाटणी आधीच होऊन गेली होती. मी गेले तशी ती मला थेट मागच्या अंगणात घेऊन गेली आणि विहिरीशेजारच्या वाफ्याकडे बोट करून म्हणाली, "हा तुझा. घेऊन जा. नवे लोक इथे गाड्या लावणार."

वाफ्यात नुसते वाळके दांडे उभे होते, पण ते कशाचे हे मला विचारावं लागलं नाही. संक्रांतीला वाईला गेलं की या वाफ्यात डेलिया फुललेला असायचा. बशीएवढी फुलं, आणि रंग इतका गडद की सावलीत काळाच वाटावा. फूल उन्हात धरलं की पाकळ्यांच्या कडा पिकल्या जांभळाच्या सालीसारख्या लालसर चमकायच्या. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका वाणाबरोबर एखादं फूल मागून न्यायच्या. आत्याच्या सासूबाईंनी हा कंद कुठून तरी आणला होता. कुठून, ते आत्यालाही ठाऊक नाही. जातीचं नाव तर कुणालाच नाही. घरात त्याला 'काळा डेलिया' म्हणायचे.

मी सहज म्हटलं, "आत्या, बी धरलं असतंस तरी चाललं असतं की." ती म्हणाली, "बियांचा हा नव्हे. बियांतून काय वाट्टेल ते येतं." पुढे मी याबद्दल वाचलं तेव्हा तिचं म्हणणं किती नेमकं होतं ते कळलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ असतात, एकूण ६४. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सरमिसळ. काळ्या फुलाच्या बियांतून पिवळं येईल, गुलाबी येईल, एकेरी पाकळ्यांचं येईल. कंदातून मात्र तेच झाड पुन्हा उठतं. तशाच रंगाचं दुसरं झाड नव्हे, तेच. म्हणजे आत्याच्या सासूबाईंनी हातानं लावलेलं झाडच दर थंडीत फुलत आलं होतं, आणि ते आता माझ्या हवाली होत होतं. हे कळल्यावर मला त्या कंदाची भीती वाटायला लागली, हे खरं.

आत्या मागच्या पायरीवर बसली. तिला आता वाकता येत नाही. "दांड्याजवळ खणू नको. हातभर लांबून खण, चारी बाजूंनी. मग खालून उचल." तसं केलं. मातीच्या ढेकळासकट जो गड्डा वर आला तो रताळ्यांचा घोस एका गाठीला बांधावा तसा होता. अकरा कंद, काही अंगठ्याएवढे, काही वीतभर लांब, आणि सगळे एका खुंटाला चिकटलेले. तो बारदानात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून मी स्वारगेटला उतरले.

इथून पुढचे तीन महिने मी जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा कंद लावणारे बहुतेक जण हेच करत असावेत.

घरी आल्यावर मी व्हिडिओ पाहिले. चांगले, मन लावून केलेले, पण सगळे इंग्लंड-अमेरिकेतले. त्यांत सांगितलं होतं की मेच्या सुमारास लावा. आपल्याकडेही जूनमध्ये सगळं लावतातच. म्हणून मी गड्डा घेतला आणि लसणाच्या पाकळ्या सोडवाव्यात तसे कंद एकेक करून पिळून तोडले. मधला वाळका खुंट तेवढा उरला, तो कंपोस्टच्या पिंपात टाकला. आठ कंद पहिल्या पावसानंतर बागेत लावले, तीन वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले, कमी पडले तर असावेत म्हणून. सहकारनगरला आमचं तळमजल्यावरचं घर आहे, पूर्वेला बारा फूट बाय पाच फुटांची पट्टी आहे, दुपारी एकपर्यंत ऊन येतं. माती काळी, चिकट. मी रोज जाऊन बघत होते. पाऊस नसला तर पाणीही घालत होते.

जुलैच्या मध्यावर काहीच वर आलं नाही तेव्हा उकरलं. पाच कंदांचा लगदा झाला होता, उचलताना बोटं आत गेली. उरलेले तीन मात्र लावले तसेच टणक होते, ना कुजलेले ना फुटलेले. मला त्याचा अर्थ लागेना. आत्याला फोन केला. सगळं ऐकून ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आणि खुंट? खुंट कुठे आहे?" मी सांगितलं. "अगं, तो खुंटच तर खरा. जीव तिथे असतो. हे नुसते पाण्याचे रांजण."

मी पिंपाकडे धावले. खुंट काळा पडून कुजून गेला होता.

डेलियाचा कंद दिसायला बटाट्याच्या जातीचा वाटतो, पण बटाटा हे फुगलेलं खोड आहे, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात आणि डोळा असलेला कुठलाही तुकडा लावला तरी फुटतो. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या दांड्याच्या बुडाशी, जिथे कंदाची बारीक मान खुंटाला मिळते त्या कोपऱ्यात. तो खुंटाचा नखाएवढा तुकडा कंदाबरोबर आला तरच झाड होणार. मान मोडली, किंवा नुसती पिचली, तरी कंद महिनोन्‌महिने टणक राहील आणि कधीच फुटणार नाही. माझे ते तीन टणक कंद असे होते. मी अकरा कंद जपले आणि त्यांचं मूळ घर पिंपात टाकलं.

आता खोक्यातले तीन. एक सुरकुतून मनुकेसारखा झालेला. दुसऱ्याची मान मोडलेली. तिसरा करंगळीएवढा, त्याच्या टोकाला खुंटाची एक चकती कशीबशी चिकटून आली होती. तो मी खिडकीत नेला, चष्मा लावून फिरवून फिरवून बघितला. चकतीच्या कडेला, मानेच्या अगदी वर, टाचणीच्या डोक्याएवढा एक फुगवटा होता. बाकीची साल मातकट, करड्या रंगाची, आणि हा एवढाच ठिपका तुळतुळीत, किंचित गुलाबी. नख लावायचीही हिंमत झाली नाही. वाईच्या वाफ्यातलं एवढंच काय ते शिल्लक होतं.

"आता लगेच लावू का?" मी विचारलं.

"मुळीच नको. घट बसले की लाव. तोवर कोरड्या वाळूत ठेव आणि विसरून जा."

तिचं सगळं वेळापत्रक असंच आहे. घट बसले की लावायचा, दिवाळीत शेंडा खुडायचा, मार्गशीर्षात कळ्या, संक्रांतीला भर, होळीला पाणी तोडायचं. हे व्हिडिओतल्या वेळापत्रकाच्या बरोब्बर उलटं आहे आणि त्याला कारण आहे. तिकडे थंडीत जमीन गोठते, म्हणून कंद हिवाळ्यात काढून ठेवतात आणि गोठण संपली की लावतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपल्याकडे कंदाला मारतं ते उकाड्यात साचलेलं पाणी. डेलिया मूळचा मेक्सिकोतल्या उंच पठारांवरचा. तिथेही पाऊस साधारण जून ते ऑक्टोबरच असतो आणि पुढचे महिने कोरडे. कंद ही त्या कोरड्या महिन्यांची शिदोरी. पण तिथल्या उंचीवर पावसाळाही गार असतो. पुण्यात तो गारवा पाऊस सरल्यावर मिळतो, म्हणून आपला डेलिया उन्हाळाही झोपून काढतो आणि पावसाळाही. ज्या दसऱ्याला आपण झेंडूची तोरणं बांधतो तो झेंडूही त्याच मुलखातून आलेला, दोघं एकाच कुळातले. डेलिया हे तर १९६३ पासून मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. नाव मात्र एका स्वीडिश माणसाचं, आन्द्रेआस डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. १७९१ साली माद्रिदच्या बागेत काव्हानियेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं ते दिलं. डाल तोवर वारले होते. इंग्रज त्याचा उच्चार 'डेलिया' करतात, आपल्या तोंडी तोच बसला.

२६ सप्टेंबर २०२२, घटस्थापना. काळ्या मातीच्या नादी न लागता मी चौदा इंची कुंडी घेतली. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर बोनमील. तळाच्या भोकांवर खापऱ्या. आधी बांबूची काठी रोवली. हा क्रम आत्यानं दोनदा सांगितला होता, कारण झाड वाढल्यावर काठी ठोकली तर ती नेमकी कंदात घुसते. मग काठीपासून दोन बोटं अंतरावर, चार बोटं खोल कंद आडवा ठेवला, डोळा वर आणि काठीच्या बाजूला. माती ओलसर होती तेवढीच. वरून पाणी नाही.

हे पाणी न घालणं मला सगळ्यात कठीण गेलं. झाडावर माया असली की हात झारीकडे जातो. पण न फुटलेल्या कंदाला मुळंच नसतात, तो पाणी पिणार कशानं? त्याच्यात स्वतःचं पाणी भरपूर असतं. सुकलेला कंद मी नंतर कापून पाहिला होता तेव्हाही आत कोवळ्या मुळ्यासारखा पांढरा, रसरशीत निघाला. रताळ्यासारखा पिठूळ नाही, कारण डेलिया पिष्टाऐवजी इन्युलिन हे वेगळं कर्बोदक साठवतो. कोंब मातीबाहेर येईपर्यंत तो याच साठ्यावर जगतो. मी झारी उचलून शेजारच्या कुंड्यांना पाणी घालायचे आणि त्या कुंडीवरून नुसती नजर फिरवायचे.

बाराव्या दिवशी माती थोडी उचलली गेली. तेराव्या दिवशी तांबूस, घट्ट मिटलेला कोंब दिसला.

त्यानंतर १७ ऑक्टोबरची रात्र. पुणेकरांना तो पाऊस आठवत असेल, रस्ते ओढ्यासारखे वाहिले होते. साडेनऊला विजा सुरू झाल्या तशी मी छत्री न घेताच बाहेर गेले आणि कुंडी जिन्याखाली ओढून आणली. दुसऱ्या दिवशी बागेच्या पट्टीत घोट्याएवढं पाणी होतं. कंद तिथे असता तर गोष्ट संपली असती. मी तेव्हापासून मूळ झाडांपैकी निदान दोन नेहमी कुंडीतच ठेवते, जमीन कितीही सुधारली तरी.

डेलियाची पानं समोरासमोर जोडीनं येतात. तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते आणि झाड भरतं. न खुडलं तर एकच दांडा वर जातो, वरच्या टोकाला एक फूल येतं आणि वाऱ्यानं मोडतो. दिवाळी आली, खुडायची वेळ झाली, आणि माझा हात होईना. अख्ख्या वाफ्यातून वाचलेला तो एकच शेंडा. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "खुड आणि फेकू नको, वाळूत लाव. मी काय अकरा कंद विकत आणले होते?" मग मी सुरी स्पिरिटनं पुसून पानांच्या तिसऱ्या जोडीच्या वर कापलं. खुडलेल्या शेंड्याची खालची पानं काढली, बुडाचा काप गाठीच्या लगेच खाली येईल असा नीट केला आणि ओल्या वाळूच्या छोट्या कुंडीत खोचला. वर काचेची बरणी उपडी घातली, सावलीत ठेवलं. अठरा दिवसांनी हलकेच ओढून पाहिलं तर रोप आतून धरून बसलं होतं. आता माझ्याकडे दोन झाडं होती.

पहिली कळी डिसेंबरच्या सुरुवातीला दिसली. फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, मधली मोठी, बाजूच्या दोन बारीक. फूल मोठं हवं तर बाजूच्या दोन खुडतात. मी पहिल्या वर्षी एकही खुडली नाही. मधली कळी दोन आठवडे हिरव्या गुंडीसारखी नुसती फुगत राहिली. मग टोकाला रंगाची एक चीर पडली, आणि रोज सकाळी पाकळ्यांची एकेक ओळ बाहेर पडून मागे वळायला लागली. तसं पाहिलं तर त्या पाकळ्या नव्हेतच, झेंडूसारखंच इथेही प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल, शेकडो मिळून आपण त्याला एक म्हणतो. १९ डिसेंबरला फूल पूर्ण उमललं. उन्हात कडा जांभळाच्या सालीसारख्या. मी फोटो काढून आत्याला पाठवला. तिनं उलट फोन केला आणि पहिलं वाक्य बोलली ते, "मागून दाखव."

मागून का, हे तिनं मग शिकवलं. फूल ताजं की उतरलेलं ते समोरून कळत नाही, पाठीकडच्या पाकळ्यांवरून कळतं. त्या टवटवीत असल्या तर फूल ठेवणीचं. हाताला मऊ, कागदी लागल्या तर त्याच दिवशी कापून टाकायचं. आणि एकदा पाकळ्या गळल्या की उरलेलं बोंड कळीसारखंच हिरवं दिसतं, नवखा माणूस तीच कळी समजून ठेवतो. दोन्ही बोटांत धरून पाहावीत. कळी गोल असते, वरून चपटी, दाबली तर घट्ट. उतरलेलं फूल मिटून लांबट, टोकदार होतं, मिरचीच्या देठाकडच्या भागासारखं, आणि दाबलं तर पाणी सुटतं. ती बोंडं झाडावर राहिली की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या थांबतात. मी आता रोज सकाळी चहाआधी कात्री घेऊन हेच काम करते. घरात ठेवायची फुलंही तेव्हाच कापते, जवळजवळ पूर्ण उमललेली. डेलियाची कळी कापल्यावर फुलदाणीत उमलत नाही.

फेब्रुवारीत ऊन तापलं तशी पानं मागून धुरकट दिसायला लागली, बारीक जाळी धरली. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, आठवड्यातून एकदा निंबोळी तेल, साबणाच्या पाण्यात मिसळून. एवढ्यानं आटोक्यात राहतो. सप्टेंबरच्या ओलीत गोगलगाई कोवळे कोंब खातात, त्यांना रात्री बॅटरी घेऊन वेचण्याशिवाय इलाज नाही.

होळीला पाणी तोडलं. पानं पिवळी पडून वाळली तेव्हा दांडे वीतभर ठेवून कापले आणि दोन आठवडे तसंच राहू दिलं. हा दांडा आतून पोकळ असतो, बांबूसारखा. मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत या झाडाचं नावच पाण्याच्या नळीवरून पडलेलं आहे. पण तीच पोकळी इथे घात करते. कापलेल्या नळीतून वळवाचं पाणी थेट खुंटात उतरतं आणि डोळे कुजतात. आत्या प्रत्येक दांड्याच्या तोंडावर मातीची गोळी बसवायची. मीही तेच करते. गड्डे काढल्यावर ते दोन दिवस सावलीत उलटे ठेवते, दांडा खाली, म्हणजे आत असेल ते पाणी निथळून जातं.

आणि मग माठ. पाझरायचा बंद झालेला एक जुना माठ आहे, तो जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला. तळाला कोरडी वाळू, वर गड्डा, पुन्हा वाळू. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा अडतीस-चाळीसला जातो तेव्हा घरातली सगळ्यात गार जागा हीच. दर पंधरा दिवसांनी हात घालून पाहायचं. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हबका, मऊ पडला असेल तर तेवढा कंद कापून काढायचा. मला आता वाटतं की डेलिया पिकवणं म्हणजे हे सहा महिने. कुंडीतलं झाड कुणालाही दिसतं, ते तहानलं की माना टाकून सांगतं. माठातला कंद काही सांगत नाही, हात घालूनच विचारावं लागतं.

२०२३ ला श्रावण अधिक आला, त्यामुळे घट थेट १५ ऑक्टोबरला बसले. मी आत्याचा नियम मोडला नाही, पण कंद सप्टेंबरच्या मध्यावरच माठातून काढून ट्रेमध्ये दमट कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) ठेवले, नुसते टेकवून, न पुरता. दहा-बारा दिवसांत खुंटाभोवती गुलाबी ठिपके उठले. आता कुठे काप घ्यायचा हे अंदाजानं ठरवायला नको. प्रत्येक तुकड्याला एक कंद, शाबूत मान आणि दिसता डोळा, असे सुरीनं भाग केले, कापलेल्या जागी हळद दाबली (आत्या चुलीतली राख लावायची) आणि दोन दिवस वाळू दिले. काही डोळ्यांचे कोंब बोटभर झाल्यावर त्यांची कटिंग्ज केली. घट बसले त्या दिवशी नऊ रोपं तयार होती.

त्या वर्षी खताचा हात सैल सुटला. दर आठवड्याला शेणाचं पाणी दिलं आणि झाडं कमरेपर्यंत गेली, पानं तळहाताहून मोठी, डिसेंबर उजाडला तरी कळी नाही. नत्र थांबवून राखेचं पाणी दिलं तेव्हा महिनाअखेरीला कळ्या धरल्या.

पण त्याआधी, नोव्हेंबरात, एका झाडाच्या पानांवर शिरांच्या कडेनं पिवळसर पट्टे दिसले. नवी पानं आखडलेली, झाड बाकीच्यांच्या निम्मं. मी आठ दिवस स्वतःची समजूत घातली की लोह कमी पडलं असेल. तसं नव्हतं. मोझॅक होता, विषाणूचा, त्याला औषध नाही. मावा या झाडावरून त्या झाडावर बसतो आणि पसरवतो, आणि कंद धरला तर पुढच्या वर्षी त्यातूनही तोच येतो. मी ज्या झाडाला काळजासारखं जपत होते त्याचाच हा एक भाग होता. नववं झाड म्हणून मला ते काढता येत नव्हतं. माझ्या हिशेबी ती सगळी मिळून एकच होती. शेवटी एका संध्याकाळी मुळासकट उपटलं, पिशवीत बांधलं आणि कचऱ्यात दिलं, कंपोस्टमध्ये नाही. सुरी आणि कात्री स्पिरिटनं पुसल्या. उरलेल्या आठांवर महिनाभर रोज पान पान उलटून पाहिलं. ती स्वच्छ राहिली.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गेले, माझ्या फुलाचं नाव सापडतंय का बघायला. गडद मरून रंगाचे दोन-तीन प्रकार मांडले होते. एकाच्या पाकळ्या जास्त टोकदार, एकाचा रंग उजळ. आमचं तिथे नव्हतं. त्याला नाव नाही तर नाही, पाटीवर मी 'वाई' लिहिते.

२०२४ च्या पावसाळ्यात आत्या मुलाकडे पुण्याला राहायला आली, चौथ्या मजल्यावर. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला मी तिच्या समोरच, तिच्या गॅलरीत बारा इंची कुंडी भरली. खुर्चीत बसून ती बघत होती. कंद तिनं हातात घेतला, अंगठ्यानं मान चाचपली, डोळा शोधला आणि म्हणाली, "हा चांगला आहे. हा लाव." गॅलरीत चार तास ऊन येतं, फुलं थोडी लहान आली, पण संक्रांतीला पाच होती. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या तेव्हा तिनं एकेकीला एक दिलं. मला नंतर फोनवर सांगत होती, कुणी फूल केसात माळलं, कुणी पर्समध्ये ठेवलं.

माझ्या दोन्ही बहिणींकडे आता एकेक झाड आहे, नाशिकला आणि कोल्हापूरला. एकाच जागी सगळं ठेवायचं नाही, हे मी २०२२ च्या जुलैत शिकले.

यंदा माठात सात गड्डे आहेत, प्रत्येकाच्या दांड्याला सुतळीनं पाटी बांधलेली. आज सकाळी हात घातला तर वरच्या गड्ड्याचा एक कंद टोकाकडून मऊ लागला. तेवढा कापला, हळद लावली, दांडा खाली करून कोनाड्याबाहेर वाळत ठेवलाय. परवा परत वाळूत जाईल. बाकीचे सहा टणक आहेत.